ग्राम स्टेनिंग: स्लाइड घासण्यापासून जर्नलपर्यंत

ग्राम स्टेनिंग म्हणजे जिवाणूंना रंग देऊन त्यांचे दोन गट ओळखायचे: जांभळे राहिले ते ग्राम-पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्राम-निगेटिव्ह. एफवायच्या मायक्रोबायोलॉजीत हे प्रॅक्टिकल आलं की दरवर्षी तेच होतं. वीस जणांच्या बॅचमध्ये पाच-सहा स्लाइड्स पूर्ण गुलाबी, पाच-सहा पूर्ण जांभळ्या, दोन-तीन कोऱ्या, आणि एखादी अशी की जांभळ्या चिखलात काय शोधायचं तेच कळत नाही. विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच: "सर, मॅन्युअलमध्ये आहे तसंच केलं." खरंच तसंच केलेलं असतं. पण मॅन्युअलमध्ये "स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा पातळ थर) तयार करा" एवढी अर्धी ओळ असते आणि निम्म्या स्लाइड्स त्या अर्ध्या ओळीतच वाया जातात. उरलेल्या अल्कोहोलच्या दहा-वीस सेकंदांत.

म्हणून इथे त्या दोन ठिकाणी जास्त थांबतो. बाकीचं भराभर.

टप्पा 1: कल्चरचं वय विचारा

बाटली हातात आली की पहिला प्रश्न: हे कल्चर (वाढवलेले जिवाणू) कधी लावलंय? ग्राम स्टेनिंगला 18 ते 24 तासांचं ताजं कल्चर लागतं. बॅसिलससारखे जिवाणू दोन-तीन दिवसांत म्हातारे होतात, त्यांची भिंत ठिसूळ होते आणि रंग धरून ठेवणं जमेनासं होतं. मग त्याच स्लाइडवर अर्धे जांभळे, अर्धे गुलाबी दिसतात. विद्यार्थी "मिक्स कल्चर" लिहून मोकळा होतो आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) अडकतो.

प्रॅक्टिकल सोमवारी असेल तर शनिवारी लावून ठेवलेलं कल्चर मिळण्याची शक्यता बरीच. असलंच तर जर्नलमध्ये कल्चरचं वय लिहून ठेवा. पुढे निकाल विचित्र आला तर तेवढा एक आकडा तुमच्या बाजूने बोलतो.

टप्पा 2: टेबल आधी मांडा

रंग टाकायला सुरुवात केल्यावर बाटली शोधायला उठलात तर वेळ चुकलीच. डावीकडून उजवीकडे याच क्रमाने मांडा: क्रिस्टल व्हायोलेट, ग्राम्स आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन. हात आपोआप पुढच्या बाटलीकडे जातो. क्रम लक्षात राहत नसेल तर मी मुलांना चार शब्द देतो: रंग, पकड, सोडवण, रंग. क्रिस्टल व्हायोलेट रंगवतं, आयोडीन त्या रंगाला पकडून पेशीत मोठा संयुग बनवतं, अल्कोहोल ज्याचा सुटेल त्याचा सोडवतं, आणि रिकामे झालेल्यांना सॅफ्रॅनिन गुलाबी करतं.

बाटल्यांकडे नीट बघा. आयोडीन गडद तपकिरी हवं. फिकट पिवळं पडलं असेल तर त्याची पकड गेलेली असते, नवीन मागा. क्रिस्टल व्हायोलेटच्या तळाशी चकाकणारे कण बसले असतील तर ते गाळून घ्यायला सांगा. ते कण स्लाइडवर सुईसारखे दिसतात आणि दरवर्षी कुणीतरी त्यांची "दंडाणू" (काडीसारखे जिवाणू) म्हणून आकृती काढतं.

सगळ्यात महत्त्वाचं लेबल तिसऱ्या बाटलीचं. त्यात 95 टक्के इथेनॉल आहे की अ‍ॅसिटोन-अल्कोहोल? अ‍ॅसिटोन मिसळलेलं असेल तर दोन-तीन सेकंदांत काम उरकतं. तिथे इथेनॉलचे वीस सेकंद मोजलेत तर सगळंच गुलाबी.

इशारा: अल्कोहोलची बाटली बर्नरपासून हातभर लांब ठेवा. झाकण उघडं ठेवू नका. केस बांधलेले, ओढणी अ‍ॅप्रनच्या आत.

टप्पा 3: स्लाइड तेलकट नको

नवीन पुडक्यातली स्लाइडसुद्धा स्वच्छ नसते. साबणाच्या पाण्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा, थोडं अल्कोहोल लावून पुसा आणि मग कडेला धरा, मधे बोट लावू नका.

तपासणी: स्लाइडवर पाण्याचा एक थेंब टाका. पसरला तर स्लाइड स्वच्छ. अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल उभा राहिला तर अजून तेल आहे, पुन्हा घासा. तेलकट स्लाइडवर स्मिअर बेटाबेटांनी वाळतो आणि धुताना सोलून निघतो.

नाव घालताना एक फसवणूक होते. मार्करने लिहिलेलं नाव अल्कोहोलमध्ये धुऊन जातं आणि मग तीन स्लाइड्स समोर ठेवून "यातली माझी कुठली?" सुरू होतं. स्लाइडचं एक टोक खरखरीत असेल तर तिथे साध्या शिसपेन्सिलीने लिहा, नाहीतर डायमंड पेन्सिलीने काचेवर ओरखडा. नाव ज्या बाजूला, स्मिअरही त्याच बाजूला. ही सवय पुढे मायक्रोस्कोपवर वाचवते, कशी ते येईलच.

टप्पा 4: स्मिअर

इथे घाई करू नका. पूर्ण प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे गेला तरी चालेल.

आधी लूप (टोकाला छोटी कडी असलेली तार) तापवा. तार ज्योतीत तिरकी धरून मुळापासून टोकापर्यंत सगळी लालबुंद झाली पाहिजे. नुसतं टोक लाल करून उपयोग नाही. मग दहा-पंधरा सेकंद हवेत थंड होऊ द्या. तापलेला लूप कल्चरमध्ये बुडवला की "चर्र" आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे जिवाणू भाजले आणि थोडे हवेतही उडाले. असं झालं तर थांबा, लूप पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा.

पुढचं दोन प्रकारचं असतं.

ब्रॉथ (द्रवात वाढवलेलं कल्चर) असेल तर नळी हलक्या हाताने हलवा, एक-दोन लूप थेट स्लाइडवर घ्या. पाणी घालू नका, त्यात आधीच पाणी आहे.

अगार (जेलीसारख्या घट्ट थरावर वाढवलेलं कल्चर) असेल तर आधी स्लाइडवर सलाइनचा किंवा डिस्टिल्ड वॉटरचा छोटा थेंब ठेवा, मग लूपचं टोक कॉलनीला (जिवाणूंच्या दिसणाऱ्या ठिपक्याला) नुसतं टेकवा. टेकवा म्हणजे टेकवाच. खरवडू नका, अगार खणू नका. लूपवर काही दिसलंच नाही असं वाटेल, तेवढं पुरतं. एका कॉलनीत लाखो जिवाणू असतात आणि आपल्याला दहा-पंधराच नीट बघायचेत. ते थेंबात मिसळून शर्टाच्या मोठ्या बटणाएवढं वर्तुळ होईल इतकं पसरवा. लूप खाली ठेवण्याआधी पुन्हा तापवा.

जाड स्मिअर ही पहिल्या वर्षाची राष्ट्रीय चूक म्हणायला हरकत नाही. "कमी घेतलं तर दिसणार नाही" ही भीती त्यामागे असते. होतं उलटंच. थरावर थर चढतो, वरच्या थरातून अल्कोहोल खाली पोचत नाही आणि गुलाबी दिसायला हवेत ते ई. कोलायसुद्धा जांभळे दिसतात.

तपासणी: वाळलेली स्लाइड वर्तमानपत्रावर ठेवा. स्मिअरमधून अक्षरं वाचता आली तर ठीक. अक्षरं झाकली गेली तर ती स्लाइड बाजूला ठेवा आणि दुसरी करा. दोन मिनिटं जातात, पुढची चाळीस वाचतात.

आता वाळवणं. पहिलं सत्र नेमकं पावसाळ्यात येतं, बर्नरमुळे पंखा बंद, मुंबई-कोकणाकडची दमट हवा, आणि स्मिअर काही केल्या वाळत नाही. मग कुणीतरी ओला स्मिअर सरळ ज्योतीवर धरतं. पाणी उकळतं, पेशी फुटतात, आकार बिघडतो. त्यापेक्षा थेंब मुळातच छोटा घ्या. तरी वाळलं नाही तर लॅब असिस्टंटना विचारून 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये पाच मिनिटं ठेवा. पूर्ण वाळल्यावर स्मिअर फिकट पांढुरका, धुरकट दिसतो.

टप्पा 5: हीट फिक्सिंग

स्मिअर वरच्या बाजूला ठेवून स्लाइड ज्योतीतून झटकन दोन-तीनदा न्या. पापड भाजताना हात जसा फिरतो तसा, कुठेही न थांबता. उष्णतेने जिवाणू काचेला चिकटतात आणि बहुतेक मरतात.

तपासणी: लगेच स्लाइडची मागची बाजू हाताच्या पाठीला लावा. गरम लागली पण सहन झाली तर बरोबर. चटका बसला तर जास्त झालं. जास्त भाजलेल्या पेशींची भिंत बिघडते आणि जांभळे दिसायला हवेत ते स्टॅफिलोकोकसही गुलाबी दिसायला लागतात. अजिबात फिक्स केलं नाही तर पहिल्या धुण्यातच सगळं सिंकमध्ये जातं.

स्लाइड पूर्ण थंड होऊ द्या. गरम काचेवर रंग टाकला की तो कडेने वाळून कण धरतो.

टप्पा 6: रंग आणि पकड

स्टेनिंग ट्रेवर स्लाइड आडवी ठेवा. क्रिस्टल व्हायोलेटने स्मिअर पूर्ण झाका, 1 मिनिट. मग स्लाइड तिरकी धरून वरच्या टोकाकडून पाण्याची बारीक धार सोडा. धार स्मिअरवर थेट पडू देऊ नका आणि नळ फार वेळ चालू ठेवू नका. आयोडीन लागण्याआधी रंग अजून सैल असतो, जास्त धुतलं तर तोही निघून जातो.

पाणी झटका. ग्राम्स आयोडीन टाका, 1 मिनिट. पुन्हा हलकं धुवा.

आयोडीन विसरणारे प्रत्येक बॅचमध्ये निघतात, कारण त्या पायरीनंतर स्लाइडवर डोळ्यांना काही फरक दिसत नाही. तो फरक पुढच्या पायरीत कळतो. पकडच नसली की अल्कोहोल सगळ्यांचा रंग काढून नेतं.

टप्पा 7: अल्कोहोल

आता बोलणं बंद. शेजाऱ्याला उत्तर देणंही बंद.

आतमध्ये काय चाललंय ते आधी समजून घ्या, म्हणजे सेकंद पाठ करावे लागत नाहीत. ग्राम-पॉझिटिव्ह पेशीची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड, साधारण 20 ते 80 नॅनोमीटर. अल्कोहोल तिच्यातलं पाणी ओढून घेतं, भिंत आवळते आणि आत तयार झालेला क्रिस्टल व्हायोलेट-आयोडीनचा मोठा संयुग अडकून राहतो. ग्राम-निगेटिव्ह पेशीत हा थर 10 नॅनोमीटरपेक्षाही पातळ, आणि बाहेर लिपिडयुक्त पडदा. अल्कोहोल तो पडदा विरघळवतं, पातळ थरातून रंग बाहेर पडतो. पण हे सगळं वेळेवर चालतं. अल्कोहोल जास्त वेळ ठेवलं तर जाड भिंतही शेवटी रंग सोडते.

कृती अशी: स्लाइड तिरकी धरा. वरच्या कडेपासून 95 टक्के इथेनॉल थेंब-थेंब सोडा. खालून निथळणाऱ्या थेंबांकडे बघा, स्मिअरकडे बघू नका. आधी गडद जांभळे पडतात, मग फिकट होत जातात. जवळजवळ रंगहीन थेंब दिसला त्याच क्षणी पाणी. योग्य जाडीच्या स्मिअरला हे 10 ते 20 सेकंदांत होतं.

पाण्यानेच ही क्रिया थांबते. अल्कोहोल टाकणं बंद केलंत आणि नळाकडे चालत गेलात, तर त्या चालण्यातही रंग सुटत असतो. म्हणून वॉश बॉटल दुसऱ्या हातात तयार ठेवा. मागे एक मुलगी अल्कोहोल सोडताना तोंडातल्या तोंडात अंक मोजत होती. अकरावर शेजारणीने पेन मागितलं, तिने मान वर केली, "घे ना" म्हणाली आणि पुन्हा बाराला सुरुवात केली. तिची स्टॅफिलोकोकसची स्लाइड गुलाबी आली. वहीत मात्र पंधरा सेकंदच लिहिलेले होते.

इशारा: ट्रेवर आडव्या स्लाइडवर अल्कोहोलचं तळं करून उभं राहू नका. तळ्यात रंग विरघळून तिथेच राहतो, निथळणारा थेंब दिसत नाही आणि कधी थांबायचं हे कळत नाही.

टप्पा 8: सॅफ्रॅनिन आणि टिपणं

सॅफ्रॅनिन 30 सेकंद ते 1 मिनिट. धुवा. टिपकागदाच्या घडीत स्लाइड ठेवून वरून हलकं दाबा. पुसू नका, पुसलं की एवढा सगळा खटाटोप कागदावर येतो. काही लॅबमध्ये सॅफ्रॅनिनऐवजी पातळ केलेलं कार्बोल फुक्सिन असतं, तेही गुलाबीच रंगवतं.

टप्पा 9: मायक्रोस्कोप

10एक्सवर सुरुवात करा. रंगीत भाग मधे आणा, फोकस करा. मग नोजपीस (भिंगांची फिरणारी चकती) अर्धं फिरवून स्मिअरवर सिडारवुड ऑइल किंवा इमर्शन ऑइलचा एकच थेंब ठेवा आणि 100एक्सचं ऑब्जेक्टिव्ह त्यात आणा. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग) वर, डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) उघडा, उजेड भरपूर. यापुढे फक्त फाइन अ‍ॅडजस्टमेंट. तेल टाकल्यावर 40एक्स फिरवून आणलंत तर त्याच्या भिंगाला तेल लागतं आणि पुढच्या बॅचला सगळं धुक्यात दिसतं.

तेल का, हे व्हायव्हात हमखास विचारतात. काच आणि तेल यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, 1.52 च्या आसपास, हवेचा 1. मधे हवा राहिली तर प्रकाशकिरण वाकून बाहेर जातात, तेल असलं की भिंगात शिरतात.

अर्धा तास झाला, फोकसच होत नाही? स्लाइड उलटी आहे का बघा. माझ्या स्वतःच्या परीक्षेत वीस मिनिटं याच्यात गेली होती, घाम फुटला होता. 100एक्सचं भिंग आणि नमुना यांच्यात मिलिमीटरच्या दशांशाइतकंच अंतर असतं, आणि स्लाइडची जाडी मिलिमीटरभर. स्मिअर खालच्या बाजूला गेला तर भिंग तिथवर पोचणारच नाही, आधी काचेला टेकेल. म्हणूनच नाव आणि स्मिअर एकाच बाजूला ठेवायचं: खरखरीत बाजू वर, की स्मिअर वर.

टप्पा 10: आधी कंट्रोल वाचा, मग आपलं

कंट्रोल म्हणजे ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा नमुना. हे पहिल्या वर्षी फारसं कुणी करत नाही, पण परवानगी मिळाली तर नक्की करा. एकाच स्लाइडवर तीन छोटे स्मिअर: डावीकडे माहीत असलेला ग्राम-पॉझिटिव्ह (स्टॅफिलोकोकस), उजवीकडे माहीत असलेला ग्राम-निगेटिव्ह (ई. कोलाय), मधे तुम्हाला दिलेला अनोळखी. तिघांना एकाच वेळी एकच अल्कोहोल लागतं. डावा जांभळा आणि उजवा गुलाबी आला असेल तरच मधल्यावर विश्वास ठेवा. दोन्ही जांभळे असतील तर अल्कोहोल कमी पडलं, दोन्ही गुलाबी असतील तर जास्त झालं किंवा आयोडीन टाकायचं राहिलं. मग मधल्याचा निकाल लिहायचाच नाही, स्लाइड पुन्हा करायची.

दातावरच्या कीटणाचा स्मिअर दिला असेल तर कंट्रोल त्यातच असतो. गालाच्या आतल्या त्वचेच्या मोठ्या, चपट्या पेशी दिसतील, मधे केंद्रक. त्या गुलाबी हव्यात. त्या जांभळ्या असतील तर आजूबाजूच्या जिवाणूंचा जांभळा रंगही खरा मानू नका.

घरच्या विरजणाचा स्मिअरही मजेशीर. पण दह्यातल्या स्निग्धांशामुळे रंग नीट बसत नाही, म्हणून फिक्स केल्यावर झायलीनने स्निग्धांश काढायचा, मग मिथेनॉल, मग रंग. झायलीनचं काम शिक्षकांसमोर, खिडकी उघडी ठेवून. लॅक्टोबॅसिलसच्या जांभळ्या काड्या आणि गोलाणूंच्या माळा दिसतात. मधेच त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी, लांबट गोल जांभळी पेशी दिसली तर ती यीस्टची. ती जिवाणू म्हणून मोजू नका.

बॅसिलसच्या काडीत मधे रंग न घेतलेली कोरी जागा दिसली तर तो बहुधा बीजाणू (स्पोर) असतो. साध्या ग्राम स्टेनिंगमध्ये तो रंगत नाही.

शंका उरलीच तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी करून बघा. 3 टक्के द्रावणाच्या थेंबात अगारवरची भरपूर कॉलनी (इथे मात्र भरपूर) लूपने मिनिटभर घोळवा आणि लूप हळूच वर उचला. पाकासारखी तार आली तर ग्राम-निगेटिव्ह: भिंत फुटून डीएनए बाहेर पडतो, त्याचा तो चिकटपणा. तार नाही आली तर ग्राम-पॉझिटिव्ह. द्रावण दाहक आहे, बोटाला लागू देऊ नका.

टप्पा 11: जर्नल

निरीक्षणात नुसतं "ग्राम-पॉझिटिव्ह" लिहून गुण पूर्ण मिळत नाहीत. चार गोष्टी हव्यात: रंग, आकार, मांडणी, ग्राम प्रकार. उदाहरणार्थ, "जांभळे, गोल, द्राक्षांच्या घोसासारखे, ग्राम-पॉझिटिव्ह". वर्तुळात तेवढेच जिवाणू काढा जेवढे दिसले, पुस्तकातले नकोत. खाली मॅग्निफिकेशन: आयपीस 10 गुणिले ऑब्जेक्टिव्ह 100, म्हणजे 1000 पट. जिवाणूचं पूर्ण नाव हाताने लिहिताना प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) यांच्या नावांखाली वेगवेगळ्या रेघा मारा, पहिलं अक्षर फक्त प्रजातीचं मोठं. मुलं दोन्ही शब्दांखाली सलग एक रेघ ओढतात आणि लाल पेन चालतो.

चुकलेला निकाल खोडून "बरोबर" निकाल लिहू नका. आलं तसं लिहा, खाली एक ओळ: अल्कोहोल किती सेकंद, कल्चर किती तासांचं, काय चुकलं असेल. परीक्षक बहुतेक वेळा तीच ओळ वाचतात आणि तिथूनच प्रश्न विचारतात.

व्हायव्हात आणखी एक ठरलेला प्रश्न: क्षयाचे जिवाणू ग्राम स्टेनिंगने का बघत नाहीत? त्यांच्या भिंतीत मायकोलिक अ‍ॅसिडचा मेणासारखा थर असतो, त्यातून हे रंग नीट आत जात नाहीत; त्यांना अ‍ॅसिड-फास्ट स्टेनिंग लागतं. आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूंना भिंतच नसते, त्यामुळे जांभळा रंग धरून ठेवायला काही उरतच नाही.

टप्पा 12: आवराआवर

100एक्सच्या भिंगावरचं तेल लेन्स पेपरने टिपा, रुमालाने पुसू नका. तेल वाळलेलं असेल तर लेन्स पेपरवर झायलीनचा अगदी छोटा थेंब. वापरलेली स्लाइड जंतुनाशकाच्या बरणीत टाका, अ‍ॅप्रनच्या खिशात नको. लूप शेवटचा एकदा तापवा. बर्नर बंद केलाय ना, हे स्वतः जाऊन बघा. हात साबणाने धुवा. बोटांवरचा जांभळा रंग त्याने जाणार नाही, दोन-तीन दिवस राहील. डबा मात्र हात धुतल्यावर आणि लॅबच्या बाहेरच उघडा.